पहिल्या दृश्यातला राजा

३ ऑक्टोबर १९६६, सकाळ

ग्लासमनचा फोन. सहा वर्षांनी! एजंट इतका गोड बोलायला लागला की पूर्वी मी सावध व्हायचो. आज नाही झालो. मोठा ऐतिहासिक पिक्चर, राजा ऑथरिकची भूमिका. म्हणाला, "लेलँड, पिक्चर सुरूच तुझ्यापासून होतो. आणि शेवटपर्यंत सगळे तुझंच नाव घेतात." मी विचारलं, सैन्यापुढे भाषण आहे का? तर हसला. म्हणाला, "तू नुसता दिसलास की पुरे रे. तुला भाषण कशाला लागतंय?"

म्हणजे आहे. एजंट नेहमी कमी करून सांगतात.

आणखी एकदा, फक्त एकदा, हजार माणसांपुढे उभं राहून बोलायचंय. मग काय व्हायचं ते होवो.

संकल्प : सिगारेट बंद. बर्बन व्हिस्की फक्त रविवारी. रोज पहाटे आवाजाचा रियाज.

४ ऑक्टोबर

रियाज उद्यापासून. आज अभिनंदनाचे फोन येतील म्हणून घसा राखून ठेवला. एकही आला नाही. लाइन बिघडली असावी.

बॉइडला बातमी सांगितली. बॉइड माझ्या गॅरेजवरच्या खोलीत राहतो. तीस वर्षं पडद्यावर माझा डमी होता. लोकांचा समज असा की रथ तोच हाकायचा, घोडाही त्याचाच. थोडंफार असेल. पण कड्यावरची ती उडी मला इतकी लख्ख आठवते, की ती मीच मारली असणार. पाय मात्र बॉइडचा मोडला. अजून लंगडतो. नशीब एकेकाचं!

म्हणाला, "राजे, भाषण खरंच आहे? मागच्या वेळी बाण लागल्यावर तुम्ही सात मिनिटं बोललात. ज्याने मारला तो कंटाळून जेवायला गेला."

जळतो. पण मरण्याच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही. अकरा पिक्चरमध्ये मेलो आणि प्रत्येक वेळी थिएटर रडलं.

९ ऑक्टोबर, दुपार

वाळवंटाकडचा गरम वारा सुटलाय. टेकडीपलीकडे आग लागली आहे म्हणतात. ज्वाळा दिसत नाहीत, पण अंगणात राख पडते. ग्रेपफ्रूट अर्धं खाल्लं, तेवढ्यात उरलेल्यावर राख.

नेब्रास्कातली लहानपणची शाळा आठवली. मिस ॲबर्नेथी एकेकाला उभं करून कविता म्हणवून घ्यायच्या. माझ्या वाट्याला आलेल्या कवितेत रिकाम्या गडावर एक म्हातारा शिंग फुंकत राहतो आणि उत्तर येत नाही. तेव्हा मी ती घडाघडा म्हणून खाली बसायचो. आज आरशासमोर म्हणून पाहिली. तिसऱ्या कडव्यात दम लागला. धुरामुळे.

आज रविवार, म्हणून बर्बन. शनिवारीही घेतली होती, पण ती रविवारची आगाऊ.

१२ ऑक्टोबर

स्टुडिओत मापं दिली. मेकअपचा ओटो अजून तिथेच आहे. पण पद्धत बदलली बुवा! हल्ली नटाला फळीवर आडवं करून मापं घेतात. टाळूपासून टाचेपर्यंत, मग खांद्यांची रुंदी. "पाय जुळवून ठेवा," ओटो म्हणाला. मी विचारलं, तलवार कुठल्या हातात? तर म्हणाला, "दोन्ही हात छातीवर राहतील."

भारदस्त पोज आहे. भाषणाच्या आधीची असणार.

१७ ऑक्टोबर

आज चेहऱ्याचा साचा घेतला. तोंडावर ओलं प्लास्टर आणि नाकपुड्यांत दोन नळ्या. अंधार. हळूहळू प्लास्टर तापायला लागलं. छातीत काहीतरी आवळलं, म्हणून मी हात वर केला. ओटोने तो हलकेच खाली ठेवला. "डोळे उघडायला बघू नका. मिटलेलेच हवेत."

बाहेर आलो तर भिंतीवर चेहऱ्यांची रांग. सगळे ओळखीचे, जुन्या पिक्चरमधले. निम्म्यांच्या अंत्यविधीला मी गेलो होतो. शेवटची खुंटी रिकामी होती. ओटोने तिच्यावरची धूळ पुसली.

ओटोला म्हटलं, मुखवटा कशाला? तो दुसरीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला उन्हात ताटकळायला नको, म्हणून."

किती काळजी घेतात! हे सगळ्यांसाठी करत नसणार.

२१ ऑक्टोबर

विमा कंपनीचा डॉक्टर अजून तपासायला आला नाही. एरवी तो "नट ठणठणीत आहे" असं लिहून देईपर्यंत कॅमेरा हलत नाही. त्याला छातीचं सांगायचं नाही, असं ठरवून बसलो होतो. आता प्रश्नच मिटला. माझी तब्येत लांबूनच दिसत असेल.

बॉइड जेवायला आला होता. मीटलोफचा तुकडा बाजूला सारून म्हणाला, "राजे, विम्याच्या डॉक्टरशिवाय कोणाला कॅमेऱ्यापुढे उभं केलेलं पाहिलंय तुम्ही?"

मी म्हटलं, आता पाहशील.

"मी 'उभं' म्हणालो," बॉइड म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

मत्सर माणसाला पोखरतो.

२८ ऑक्टोबर

पटकथेचा एकच कागद आला. 'सकाळ. किल्ल्याचं अंगण. राजा ऑथरिक निश्चल पडला आहे. प्रजा रांगेने येते.' बस्स. पुढची पानं टपालात अडकली असणार. प्रसंग उघड आहे. लढून थकलेला राजा पडला आहे, प्रजा रडते आहे, आणि मग तो उठतो!

उठून काय बोलतो ते मीच लिहून काढलं. चार पानं झाली. शिंग फुंकणाऱ्या म्हाताऱ्याचा सूर पकडला आहे. मिस ॲबर्नेथी असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

बॉइडला वाचून दाखवलं. डोळे पुसून म्हणाला, "धूर फार झालाय."

१ नोव्हेंबर

उद्या शूटिंग. गाडी किती वाजता पाठवणार, काही निरोप नाही. ग्लासमन "मीटिंगमध्ये" आहे. परवापासून एकाच मीटिंगमध्ये आहे.

वारा थांबत नाही. सिगारेट फक्त चार, त्याही घशाला सवय राहावी म्हणून.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ

गाडी आली नाही. विसरले असणार. बॉइडला म्हटलं, चल. म्हणाला, "नका जाऊ राजे. हात जोडतो." असं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तरी त्यानेच नेलं.

अंगणात चारशे माणसं काळ्या कपड्यांत उभी. मधोमध ओटा. ओट्यावर मी, माझ्याच साच्यातून काढलेला.

हात छातीवर होते आणि डोळे मिटलेले. वाऱ्याने केस हलत होते, तेवढेच.

हातात यादी घेतलेल्या एका मुलीने माझ्या खांद्यावर काळी घोंगडी टाकली. "आजोबा, इथे कुठे भटकताय? रांगेत लागा." भाषणाची चार पानं खिशात होती. रांग पुढे सरकत होती. मी लागलो.

माझ्यापाशी पोहोचलो. गालावर राखेचा कण बसला होता. मी तो पुसला. मग मला रडू आलं. खरं. भाषणातलं पहिलं वाक्य तोंडातून निघालं, मोठ्याने.

"कट!" दाढीवाला दिग्दर्शक ओरडला. "तो म्हातारा फार ॲक्टिंग करतोय. मागे घ्या त्याला."

ओटोने मान खाली घातली.

अकरा वेळा शॉट घेतला. मी मागच्या रांगेतून पाहत होतो. ओट्यावरचा एकदाही हलला नाही. चारशे माणसं प्रत्येक वेळी रडली.

परतताना बॉइडने विचारलं, "होता का तुमच्यासारखा?"

मी म्हटलं, माझ्यापेक्षा बरा. मला एवढा वेळ श्वास धरता आला नसता.

उद्या सकाळी सातला पुन्हा बोलावलंय, मागच्या रांगेत. घोंगडी घरी नेऊ दिली. रियाज बंद.

घोडा बॉइडचा होता. रथही त्याचाच, आणि कड्यावरची उडीसुद्धा. मरणं तेवढं माझं होतं.