अर्धा चेहरा, पूर्ण सेवा

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
चूळ भरली, ती उजव्या कोपऱ्यातून थेट बनियनवर. उजवा गाल झोपलाय, डोळा मिटत नाही. पंख्याची हवा लागली असणार, दुपारपर्यंत जाईल. आमच्या तक्रार खिडकीवर भांडायला आलेली माणसं बावीस वर्षं निव्वळ माझ्या हसण्याने गार पडतात. महिनाअखेरीच्या ग्राहकदिनाला माझाच हसरा फोटो पोस्टरवर लागणार, यात शंका नाही.

५ नोव्हेंबर.
बाम चोळला. डोळ्यात गेला. बायको म्हणते, डॉक्टरकडे चला. डॉक्टरकडे आजारी माणसं जातात.

६ नोव्हेंबर.
बायकोने ओढत नेलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घालायला लावल्या. डावीकडे पडल्या, उजवं कपाळ इस्त्री केल्यासारखं. म्हणाल्या, पक्षाघात नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात, गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या हे उत्तम. एकूण, माझा निर्णय अचूक ठरला.

११ नोव्हेंबर.
कामावर रुजू. एक गृहस्थ तावातावाने आले, मला पाहून थबकले, तब्येतीला जपा म्हणाले आणि गेले. दिवसभरात असे नऊ. अर्ध्या हसण्याची ही ताकद!

१४ नोव्हेंबर.
एकच डोळा मिटतो. एका बाईंना वाटलं, मी डोळा मारतोय. माझ्याविरुद्धची तक्रार मलाच नोंदवून घ्यावी लागली. नियमाप्रमाणे पोचही दिली.

१८ नोव्हेंबर.
संकल्प: दिवसातून तीनदा आरशासमोर व्यायाम. गाल फुगवणे, शीळ घालणे. आज दीड मिनिट झाला. शीळ वाजेना, आरसा मात्र ओला झाला. सासूबाईंना वाटलं, त्यांना वेडावतोय. उद्यापासून दार लावून.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार.
चेहरा सरळ! खिडकीवर बसलो आणि पूर्ण हसलो. पहिलाच माणूस खवळला, माझ्या अडचणीवर हसता काय म्हणाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सतरा लेखी तक्रारी. साहेबांनी आत बोलावलं. पोस्टर छापून आलं होतं. त्यावर शेजारच्या खिडकीतली टायपिस्ट. म्हणाले, गेले तीन आठवडे फार शांततेत गेले. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही हसलात की लोक भडकतात हो. बावीस वर्षं सांगायचं राहून गेलं." सोमवारपासून माझी नेमणूक रेकॉर्ड रूममध्ये.
वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. आणि चेहरा आता पूर्ण बरा असल्यामुळे ते दोन्ही बाजूंना सारखंच दिसलं.