उवा नाहीत त्या, अक्का

४ मे
पोचलो एकदाचा जळगावला, मेहरूणमध्ये! नरडाण्यात कुणाला पत्ता लागू नये म्हणून इथे खोली घेतली. डोक्यावर केस लावून घेतोय हे कळलं असतं, तर गावातल्या पोरांनी बोहल्यावर चढेपर्यंत पिच्छा सोडला नसता. फैजपूरच्या मोनालीने होकार दिलाय खरा, पण माझ्या जुन्या, केसाळ फोटोला. दिवाळीनंतर साखरपुडा. तोवर केस आलेच पाहिजेत, नाहीतर झालंच कल्याण! घरमालक लोटननाना एकटेच असतात, बायको शेवंताबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. नानांना ऐकू कमी येतं, पण माणूस दिलदार. म्हणाले, इथे तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. दोघंही खूप हसलो. मागच्या दारात वारा बरा येतो, तिथे आरामखुर्ची टाकलीय.

७ मे
काल झालं ऑपरेशन. मागचे केस मुळासकट काढून पुढे लावले. ओळीने सरकी टोकावी तसे काळे ठिपके अन् खपल्या दिसताहेत. सूचना ऐकूनच थकलो. आडवं झोपायचं नाही, वाकायचं नाही, सलाईनचा फवारा मारत राहायचा, घाम येऊ द्यायचा नाही. जळगावात, मे महिन्यात, घाम नाही! आणि मुख्य म्हणजे हात लावायचा नाही. दहा-बारा दिवस मुळं कच्ची असतात, ओढलं की गेलं. कपाळाची सूज डोळ्यांवर उतरलीय. बसल्या बसल्या झोप कुठून यायची?

९ मे
पाठीचा पार भुगा झाला. झोपेचं नाव नाही. दुपारी तेवढा मागच्या दारात गाढ डोळा लागला. लहानपणी आई उवा बघायची, तशी कुणाची तरी बोटं केसांत फिरत होती. फार बरं वाटलं. मध्येच टच् असा आवाज झाला, नखावर नख दाबल्यासारखा. जागा झालो तर मांडीवर खपली, तिच्यात केस. उंबऱ्यावर रक्ताचे बारीक ठिपके. झोपेत खाजवलं असणार. गाढवच मी.

११ मे
डॉक्टर भडकले. लावलेले केस नंतर गळतात ते ठीक, मुळं आत राहतात, पण इथे मुळंच उपटलीत म्हणाले. माझी नखं तपासली. ती तर मी ऑपरेशनआधीच पार बुडापर्यंत कापलेली!
नानांना ओरडून विचारलं, दुपारी घरात कोण येतं? कुणी नाही म्हणाले. मग आपलं कौतुकानं सांगत बसले, की शेवंता दुपारी याच दारात बसायची, गल्लीतल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच पोरांच्या उवा मारायची. काळा ठिपका दिसला की सोडायची नाही. डोकं साफ झाल्याशिवाय कुणाची टाप नव्हती उठायची.


१२ मे
खुर्ची पुढच्या खोलीत नेली. कडी लावली. तरी जागा झालो तो मागच्या उंबऱ्यावर, मान खाली घालून. नवे ठिपके. रडूच आलं. मोठ्यानं म्हणालो, शेवंताअक्का, उवा नाहीत त्या, माझे केस आहेत, लगीन मोडेल माझं.

१४ मे
बहीण ज्योती फोनवर म्हणते, आजच निघ. बॅग भरली. बूट मागच्या दारात. वाकायचं नाही, म्हणून बसून घालायला गेलो — तिथेच बसलो. आली बोटं. पळायला हवं होतं, पण किती दिवसांनी अशी झोप —
आरशात पाहिलं. पुढचं सगळं गुळगुळीत.

१५ मे
पुन्हा उंबऱ्यावर. कसा आलो — वही मांडीवर आहे. मोनालीचा फोन वाजतोय. काय सांगू तिला?
मागचेही गेले. बठ्ठे गेले. झालं ना डोकं साफ? आता उठू दे, अक्का —
मान धरून ठेवलीय.
थांबली बोटं. सुटलो —
नाही. कानाशी बोलतेय. आजून शेतस रे भाऊ. मझार शेतस.
अजून आहेत? आत? आत काही नाही अक्का, आत फक्त