पितळेची पिन

कॅल्युमेट, मिशिगन
४ डिसेंबर २०१६

चि. सायमा हीस ओन्नीदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वृद्धाश्रमात जावईबापू आर्वोरावांसाठी खोली राखून ठेवलीय आणि जानेवारीअखेर हो की नाही ते कळवायचंय, हे वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मी काय सल्ला देणार? माझंच धड नाही. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी फावड्याला हात लावायची बंदी केलीय. शेजारी पुढचा रस्ता साफ करून देतात, पण मागच्या दारापासून सौनापर्यंतच्या वाटेसाठी कुणापुढे किती वेळा तोंड वेंगाडायचं? आणि शनिवारी सौनात बसून गरम वाफ अंगावर घेतली नाही म्हणजे आठवडा संपल्यासारखाच वाटत नाही.

म्हणून एक खूळ काढलंय. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत रिमोटवर चालणारा एक ट्रक मिळाला, मांजराएवढा. त्याच्या तोंडाशी बर्फ उडवणारं यंत्र बसवतोय. कॉफीच्या डब्याचा जबडा, पत्र्याच्या चकत्या ताणून केलेला पीळदार दांडा, मागे चार पात्यांचा पंखा. दोन बोटं बर्फ पडला की फिरवायचं, साठू द्यायचंच नाही. काल चाचणी घेतली. दांड्याच्या दोन्ही अंगांना मी एकाच दिशेचा पीळ दिला होता! बर्फ मधे पंख्याकडे यायचं सोडून सगळा डाव्या कोपऱ्यात. चाळीस वर्षं लेथवर घालवलेल्या माणसाची ही अक्कल. हस खुशाल.

माया आहेच, थंडीत ती गोठू देऊ नकोस.
तुझा
ओन्नीदादा


ड्युलूथ
११ डिसेंबर

ती. ओन्नीदादास सायमाचा सा. नमस्कार.

हसले रे, पुष्कळ दिवसांनी. शेजाऱ्याला एक हाक मारली असतीस तर महिन्याचं काम वाचलं असतं, पण हाक मारली तर तो तू कसला!

इथलं तेच. अठ्ठावीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ काढायची सरकारी गाडी चालवली, ते आर्वोच्या अंगातून जात नाही. बाकी सगळं पुसलं गेलं, तेवढं राहिलं. बर्फ असो नसो, पहाट झाली की बूट चढवतो आणि पाळी सुरू झाली म्हणून बाहेर पडतो. मंगळवारी कोटाशिवाय पार पुलापर्यंत गेला. एका बसवाल्याने ओळखून आणून सोडला. आता दाराला घंटा बांधलीय आणि मी दाराशीच खुर्चीत झोपते. झोपते म्हणायचं आपलं.

जो तो म्हणतो, पाठव त्याला. आपल्या आईने आजीला शेवटपर्यंत घरात सांभाळलं, मीही सांभाळीन. दमले आहे, पण मी मोडणाऱ्यातली नाही, तुला ठाऊक आहे.

आठवण ठेव, एवढंच मागणं.
सायमा


कॅल्युमेट
२ जानेवारी

चि. सायमास अनेक आशीर्वाद.

पीळ सुधारला. मग ओला बर्फ नळकांड्यात चिकटून बसायला लागला, तर आतून मेणबत्ती घासली. चांगला चार फूट लांब बर्फ उडाला गं! दोन शनिवार सौना झाला. तिसऱ्या शनिवारी पायरीपाशी गोठलेला गोळा जबड्यात अडकला. दांडा थांबला, मोटर थांबेना, गिअरचे सगळे दात साफ. दांडा मी पोलादी बोल्टने जोडला होता. बाबांचं म्हणणं डोक्यात पक्कं: एकदाच कर, पोलादात कर. आता दुसरा गिअर, पुन्हा पहिल्यापासून. कंटाळलो बाई.

आर्वोरावांना नमस्कार, ओळख पटली तर.
ओन्नीदादा


ड्युलूथ
९ जानेवारी

ती. दादास सा. नमस्कार.

तुझं पत्र मी नेहमीसारखं जेवताना मोठ्याने वाचलं. गिअरचं आलं आणि आर्वोने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "ओन्नीला सांग, पोलाद नको, पितळेची पिन लाव. गोळा अडकला की पिन तुटते, गाडी वाचते. काहीतरी तुटायला ठेवावंच लागतं." अगदी पूर्वीच्या आवाजात, दादा. आणि लगेच मला विचारलं, माझी बायको घरी कधी येणार.

मी उठून भांडी घासायला गेले आणि नळ सोडून खूप रडले. एकतीस तारीख जवळ आली. काय करू, तूच सांग.
सायमा


कॅल्युमेट
१६ जानेवारी

चि. सायमास आशीर्वाद.

जावईबापूंचं ऐकलं. पितळेची पिन लावली, चार दिवसांत दोनदा तुटली. दोन मिनिटांत नवी घालतो, गिअर शाबूत.

आता ऐक. बाबांनी आपल्याला पिन लावायला शिकवलंच नाही. आपण दोघंही पोलादी बोल्ट. आईने आजीला घरात सांभाळलं, खरं आहे. पण आई आजीच्या आधी गेली, हे आपण कधी बोलत नाही. तेव्हा तू तिच्यापाशी होतीस. मला पुन्हा ते नको. आश्रमाच्या कागदावर सही कर. वाईट वाटेल, वाटू दे.
ओन्नीदादा


ड्युलूथ
२१ फेब्रुवारी

ती. दादास सायमाचा सा. नमस्कार.

जानेवारीच्या अठ्ठावीसला सही केली, आर्वोला तिथे सोडलं. घरी येऊन सात तास झोपले, आणि उठल्यावर झोपल्याची लाज वाटली.

तुझं खोकं पोचलं. यंत्र पाठवून दिलंस म्हणजे सौनाची वाट आता शेजारी काढून देतो ना? मारलीस एकदाची हाक! आश्रमातल्या बायका चांगल्या आहेत. सकाळी आर्वो बूट चढवतो तेव्हा त्याला आतल्या अंगणाचं दार उघडून देतात आणि हातात रिमोट. दारापासून बाकापर्यंतचा रस्ता आता त्याच्याकडे आहे.

रविवारी वेलदोड्याचा पाव घेऊन गेले. तो बाकापाशी होता. मी दारातून पाऊल टाकणार, तर त्याने हात वर केला. म्हणाला, "थांबा बाई, घसराल. रस्ता झाला की या." मला ओळखलं नाही त्याने. मी थांबले. त्याने सगळी वाट काढत आणली, थेट माझ्या बुटांपर्यंत.

पितळेच्या पिना संपत आल्यात. डझनभर पाठव.
तुझी
सायमा