राणी झालेल्या मामांना

प्रिय मामा,

जय भीम. काल दुपारी आपली कादंबरी वाचून संपली. तुम्ही गेल्यापासून चार महिने ती कपाटावर तशीच पडून होती. शेवट काय झाला ते तुम्हाला कळवायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र. पण सांगायचं त्याहून जास्त आहे.

साखरेनं तुमची नजर गेली, पेपर वाचणं सुटलं, तेव्हा दौंड स्टेशनसमोरच्या रद्दीवाल्याकडून मी हे पुस्तक उगाच उचललं होतं. सून सासऱ्याला प्रेमकथा वाचून दाखवते म्हणून शेजारीण हसली. पण तुम्हाला ती किती आवडली! राजकन्या फेटा बांधून शिलेदार होते आणि शत्रूचा राजपुत्र नऊवारी नेसून तिच्याच महालात दासी म्हणून राहतो. त्याला तांदूळ निवडायला बसवतात तिथं तुम्हाला हसून हसून ठसका लागला. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून रूळ बदलण्यात जन्म काढलेला हा अबोल माणूस एवढा हसतो, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.

लाडाचे प्रसंग आले की मी पानं गाळायचे. एकदा तुम्ही म्हणालात, "सूनबाई, पोरगी आत्ता नदीत हुती, लगीच कोरडी कशी झाली?" मी लाजून पान उलटलं. खरं सांगते, त्या पानांत वावगं काही नव्हतं. वाचायला हवी होती.

त्याच दिवशी तुम्ही तुमचं गुपित सांगितलंत. तुमच्या तरुणपणी भीमजयंतीच्या नाटकात बायका काम करत नव्हत्या, म्हणून तुम्ही राणी झाला होतात. नेमक्या यवतहून आत्या वडिलांबरोबर ते नाटक बघायला आल्या, आणि महिन्याभरानं तुम्ही त्यांनाच बघायला गेलात! त्यांनी ओळखलं नाही, ओळखलं असतं तर नकार दिला असता, असं म्हणून तुम्ही मला शपथ घातलीत. एवढी वर्षं स्वतःच्या बायकोपासून लपवलंत. कसली भीती वाटली, मामा?

काल आत्या घेवडा निवडत शेजारी बसल्या आणि मोठ्यानं वाच म्हणाल्या. शेवटी राजपुत्र डोक्यावरचा पदर काढून खरं नाव सांगतो, राजकन्या थक्क होते, लग्न लागतं. आत्यांना ते काही पटलं नाही.

"बाईला कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "तुझं मामा राणी झालं हुतं, तवा लुगड्याखाली रेल्वेचं बूट हुतं. पोर मेल्याचं ऐकून राणी रडती, तिथं खरंच रडलं. बघाया आलं तवा मी लगीच वळखलं. म्हणून तर व्हय म्हणलं."

मग तुम्हाला कधी सांगितलं का नाही, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी हातातली शेंग मोडली.

"लाजलं असतं," एवढंच म्हणाल्या आणि तोंड धुवायला आत गेल्या.

मामा, हे तुम्ही असताना तुमच्या कानावर पडायला हवं होतं. मी थोडं भरभर वाचलं असतं तर! ही रुखरुख माझ्यापाशी राहील.

तुम्ही गेल्यापासून आत्या उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत. येत्या रविवारी त्यांना डेमू गाडीनं माहेरी घेऊन जाते, भावाकडं. काल रात्री त्यांनी स्वतःच पातळ काढून ठेवलं. त्यांना एकटं पडू देणार नाही, हा माझा शब्द.

तुमची सून,
संगीता