कुसळवाडीच्या सवालाचा खरा जवाब

लिहून ठेवणार बाबामियाँ वल्द महेबूबसाब, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार कळंब, जिल्हा उस्मानाबाद, धंदा तीस वर्षे सरकारी मुहर्रिरी, म्हणजे कचेरीतली कारकुनी. हकिमांनी छातीत पाणी झाल्याचे सांगितले आहे. डोक्यात काही झालेले नाही. मला कोणी पढवलेले नाही, धमकावलेले नाही, अफू-गांजाला मी कधी शिवलेलो नाही. काल कोणती भाजी खाल्ली आणि दहा वर्षांपूर्वी कागदांची कोणती मिसल कोणत्या बस्त्यात बांधली, दोन्ही अजून सांगता येते. अशा शुद्धीत हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे.

सारी उमर उर्दूत लिहिण्यात गेली. हा कागद मात्र मराठीत लिहितो. कारण चौथ्या कलमात येईल.

कलम १. बाजारपेठेमागचे दोन खणांचे घर, परसू आणि त्यातले लिंबाचे झाड, तसेच पोस्टातली शिल्लक, ही माझी मिळकत. हिच्या तीन हिश्श्यांपैकी दोन शरियतप्रमाणे वारसांना जातील, म्हणजे पत्नी कुलसुमबी आणि मुलगा जैनोद्दीन यांना. त्यात मी ढवळाढवळ करू शकत नाही आणि करणारही नाही. जैनोद्दीन लातूरला गिरणीत कामाला आहे व सणाला येतो. त्याला सांगणे एवढेच की आईच्या हयातीत घर विकू नये, आणि लिंब तोडू नये, त्याच्या सावलीत ती धान्य निवडते. मान्यतेसाठी या कागदावर कुलसुमबीचा अंगठा घ्यावा.

कलम २. तिसरा हिस्सा नात शरिफाबी हिला. वय तीन महिने. तिची आई, माझी मुलगी रजियाबी, माझ्या आधी गेली, त्यामुळे शरियतीत या पोरीचा हिस्सा बसत नाही. वसीयत करून जेवढे देता येते तेवढे सगळे मी तिला देतो. रजियाच्या लग्नात केलेली तांब्याची भांडी जावई मकबूलच्या घरी आहेत, तीही शरिफाचीच समजावीत.

कलम ३. कचेरीची काळी शेरवानी शिवप्पा चपराशाला द्यावी. मी रजेवर असताना तो ती घालून आरशात बघत असे, हे मला ठाऊक आहे, आणि खरे सांगायचे तर ती त्याच्याच अंगाला बरी बसते. चष्मा मशिदीतल्या मुल्लाजींना, लागला तर. बोरू मात्र कोणालाही देऊ नयेत. चुलीत घालावेत.

कलम ४. रेवणप्पा वकिलांवरचा माझा राग. हा मी अकरा वर्षे जपला, म्हणून त्याचीही वासलात लावणे भाग आहे. भर कचेरीत माझ्या हातचा मसुदा वर धरून ते म्हणाले होते, "बाबामियाँ, ही उर्दू कुठल्या बाजारात घेतली वो? येरमाळ्याच्या जत्रंत?" सगळी कचेरी हसली. शिवप्पासुद्धा.

तेच रेवणप्पा गेल्या साली हैदराबादच्या नव्या कायदेमंडळात सभासद झाले. सभासदाला सरकारी खात्यास लेखी सवाल टाकता येतो, आणि खात्याला त्याचा जवाब द्यावाच लागतो. लोकांना वाटते, सवाल बड्या साहेबाला विचारतात. तसे नसते. सवाल हैदराबादेतून गुलबर्ग्याच्या सुभ्याला येतो, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. प्रत्येक मेजावर त्याच्यावर "खालून माहिती घ्यावी" असा शेरा पडतो. सर्वांत खाली एक मुहर्रिर बसलेला असतो. तो जे लिहील ते सह्या गोळा करत पुन्हा वर चढते आणि मंत्री उभे राहून वाचतात. आमच्या कचेरीत सर्वांत खाली मी बसत होतो. कचेरीचे नाव इथे घालत नाही.

या फरवर्दी महिन्यात, म्हणजे इंग्रजी फेब्रुवारीत, रेवणप्पांचा सवाल माझ्या मेजावर आला. येरमाळ्यापासून चार कोसांवर कुसळवाडी आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी आहे काय, आणि औषधांचा पुरवठा होतो काय? मला सगळे माहीत होते. डॉक्टर नेमलेला होता, त्याचा पगार कुसळवाडीच्या नावावर निघत होता, आणि तो स्वतः वर्षभर उस्मानाबादेत दुसऱ्या कामगिरीवर बसला होता. साहेब फक्त एवढेच म्हणाले, "जरा सांभाळून लिहा." खोटे लिहा असे मला कोणी सांगितले नाही, हे इमानाने नमूद करतो.

मी लिहिले: "डॉक्टरची जागा भरलेली आहे. औषधांचा पुरवठा नियमाप्रमाणे होतो."

यात एकही अक्षर खोटे नाही. जागेबद्दल विचारले, जागेबद्दल सांगितले. डॉक्टर कुठे बसतो हे वकिलांनी विचारलेच नव्हते. आणि डॉक्टरने मागवल्याशिवाय औषधे पाठवायची नाहीत, हाच नियम. मंत्र्यांनी जवाब वाचला, रेवणप्पा खाली बसले, आणि मी आठ दिवस हवेत होतो. कुसळवाडीला डॉक्टर पाठवावा, असा गावकऱ्यांचा एक जुना अर्ज त्याच मिसलीत होता. "जवाब दिला" एवढ्या शेऱ्यावर तोही दप्तरात बांधला गेला. तो मीच बांधला.

जवाब उर्दूत छापून आला. ज्यांच्याबद्दल होता त्या कुसळवाडीकरांना तो वाचता आला नाही. आला असता तर पहिल्याच दिवशी चावडीत कोणीतरी हसले असते आणि पुढचे टळले असते. म्हणून हा कागद मराठीत आहे.

कलम ५. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

रजिया येरमाळ्याला दिली होती. जावई मकबूल याचे तिथे शिवणकामाचे दुकान आहे. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याची बोली निम्मीअधिक मराठी झाली आहे, पण उर्दू त्याला चांगली वाचता येते, आणि छापलेले त्याला खरे वाटते. एकदा बाजाराला आला होता, तेव्हा जेवताना म्हणाला, "अब्बा, कुसळवाडीला डॉक्टर आला म्हणं. पेपरात हाय."

मी म्हणालो, "जागा भरलेली हाय."

"मंग बरं झालं. लई लांब न्हाय आमाला."

घरातल्या माणसाने विचारले आणि मी त्याला खात्याचा जवाब दिला. सांगावे असे मनात आले होते. पण सांगितले तर तो दुकानात बोलणार, आणि दुकानातून ते वकिलांच्या कानावर जाणार. शिवाय रजियाची पहिली खेप, बाळंतपण कळंबलाच व्हायचे होते. सातव्यात तिला आणायचे ठरले. शुक्रवारी गाडी सांगितली, तोच सवालांचा दुसरा गठ्ठा येऊन पडला. पुढच्या शुक्रवारी म्हटले. कुलसुमबी म्हणाली, "कागदं थांबतेत, पोरगी थांबत न्हाय." असे पाच शुक्रवार गेले.

खुर्दाद महिन्यात, म्हणजे एप्रिलात, दिवस भरायच्या महिनाभर आधीच, सकाळी तिला कळा सुरू झाल्या. येरमाळ्याच्या सुईण हरणाबाई. त्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "मूल आडवं हाय. माझ्या एकलीच्या हातचं न्हाय. बार्शी गाठा." बार्शी दहा कोस, पण सडकेला मोटार मिळाली असती. मकबूलने बैलगाडी कुसळवाडीकडे वळवली. हरणाबाई गाडीत बसेपर्यंत बार्शी बार्शी म्हणत होत्या. तो म्हणाला, "मावशी, पेपरात छापलंय. अब्बांनी बी सांगितलंय."

दुपारी बाराला पोहोचले. दवाखान्याला कुलूप. कंपाउंडर शेतातून किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, "डॉक्टर? त्याला साल झालं जाऊन. तुमाला कुणी सांगितलं?"

हरणाबाईंनी दवाखान्याच्या ओसरीवर लुगड्याचा आडोसा केला आणि मूल आतल्या आत फिरवून बाहेर काढले. पोरगी वाचली. रजियाचे रक्त थांबले नाही. कपाट उघडले तर त्यात रिकाम्या बाटल्या होत्या. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजेपर्यंत ती होती. एकवीस वर्षांची होती माझी पोर, आणि मला चांगले अक्षर म्हणजे काय हे दाखवायला पाचव्या वर्षीच पाटी घेऊन बसली होती.

मी ज्या शब्दांवर खूष होतो त्या शब्दांनी ती मेली. याहून वेगळे मला काही म्हणता येत नाही.

कुलसुमबी रोज त्या डॉक्टरला शिव्याशाप देते. त्याचे हात झडू देत म्हणते. मी समोर जेवत असतो. मकबूल स्वतःलाच दोष देतो. तिच्या चाळिसाव्या दिवशी माझ्या खांद्यावर डोके ठेवून म्हणाला, "म्या गाडी बार्शीला वळवायला पायजे व्हती, अब्बा." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची मला जवाबापेक्षाही जास्त शरम वाटते.

कलम ६. मुहर्रिराला स्वतःचा जवाब मागे घेता येत नाही. मी वर अर्ज केला, तो "याबाबत विचारणा नाही" म्हणून परत आला. नोकरी सोडली, तरी जवाब तिथेच राहिला. आजही कोणी दप्तर उघडले तर कुसळवाडीची जागा भरलेली आहे. कायदेमंडळात नवा सवाल आला तरच नवा जवाब लिहिला जाईल, आणि तेव्हाच तिथे डॉक्टर जाईल.

म्हणून शेवटी मी रेवणप्पांच्या घरी गेलो. सगळे सांगितले. त्यांनी मंत्र्यांचा छापील जवाब काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "चूक माझी बी हाय. सवाल टाकायच्या आदी एकडाव कुसळवाडीला जाऊन यायला पायजे व्हतं." माझा राग तिथेच संपला. त्याची पुढे वाटणी नाही.

नवा सवाल मी त्यांना लिहून दिला आहे. कुसळवाडीच्या डॉक्टरने गेल्या सालात त्या दवाखान्यात प्रत्यक्ष किती दिवस रोगी तपासले? बाकीचे दिवस तो कुठे होता व कोणाच्या हुकुमाने? त्या दिवसांत तिथे येऊन कोण कोण दगावले, नावांसह? आणि आधीचा जवाब कोणी लिहिला? तीस वर्षे मी खात्यासाठी पळवाटा काढल्या. मला माहीत असलेल्या सगळ्या यात बुजवल्या आहेत. शेवटच्या सवालाचा जवाब इथेच देऊन ठेवतो: बाबामियाँ वल्द महेबूबसाब, मुहर्रिर.

वकील म्हणाले, मयत बाईच्या नवऱ्याचा सहीचा जबाब जोडला नाही तर खाते पुन्हा निसटेल. म्हणजे मकबूलला सांगावे लागेल. ते असेही म्हणाले, "सांगितलंत तर नात तुमच्याकडं ऱ्हायची न्हाय, बाबामियाँ. बगा बापा."

कलम ७. मी पाहिले. शरिफा सध्या आमच्याकडे आहे. कुलसुमबी तिला कापसाच्या बोळ्याने शेळीचे दूध पाजते. या घरात तेवढेच एक सुख उरले आहे. दुपारी ती माझ्याजवळ झोपते, आणि माझ्या खोकल्याने इतर पोरांसारखी दचकत नाही. ती शहाणी होईपर्यंत आजीजवळ राहावी ही माझी इच्छा आहे, अट नाही. पोरीवर हक्क बापाचा.

साक्षीदार म्हणून मकबूलला बोलावले आहे. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष घालू नये म्हणतात. त्याला मी फक्त कागद देत आहे. मजकूर वाचून न दाखवताही सही घेता येते, हे मला माहीत आहे. तरी वाचून दाखवावा असे सांगून ठेवले आहे. रेवणप्पा वाचतील, मकबूल ऐकेल, कुलसुमबी दाराआडून ऐकेल. मी कोपऱ्यात बसेन. त्यांनी जे विचारले त्याचा, आणि जे विचारायचे सुचले नाही त्याचाही, जवाब देईन.

मकबूल, बेटा, गाडी तू बरोबर वळवली होतीस.

वरील सर्व मजकूर माझा असून माझ्या अक्षरात आहे. मुक्काम कळंब, तारीख ११ शहरेवर, सन १३५६ फसली, म्हणजे इंग्रजी जुलै १९४७.

सही: बाबामियाँ वल्द महेबूबसाब

साक्षीदार पहिला: रेवणप्पा, वकील, कळंब. सर्व मजकूर मोठ्याने वाचला व लिहून ठेवणाऱ्याने कबूल केला. पाचव्या कलमात वाचन थांबले होते, ते थोड्या वेळाने पुन्हा सुरू केले.

साक्षीदार दुसरा: मकबूल, शिंपीकाम, येरमाळा. मजकूर ऐकला. जबाब लिहून दिला आहे. सवालाचा कागद घेऊन वकिलांबरोबर हैदराबादला जाईन. पोरीला आजच येरमाळ्याला नेतो.

अंगठा: कुलसुमबी. बाईंनी दाराआडून सांगितले तसे लिहिले: मी बी पोरीसंगं चालले. ह्यांच्या भाकरीचं शेजारी सांगून ठिवा.