कार्ड तोंडासमोर धरणारी मुलं

३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद घे. तुझे केस पांढरे झाले तरी मला तू बारक्याच, त्याला माझा इलाज नाही. तुझ्या बायकोचा, म्हणजे आपल्या सरकारचा, माझ्यातर्फे एक गालगुच्चा घे. हे नाव मीच ठेवलं तिला आणि तिनं ते सार्थ केलं, एवढं तरी माझं श्रेय मान.

गेले काही रविवार तू फोन करतोस आणि मी उचलत नाही, म्हणून फुरंगटला असशील. अरे, फोनवर काय बोलणं होतं? तू तिकडून पुटपुटणार, मागून सरकार काहीतरी ओरडणार, त्यात तुमचा टीव्ही. पत्राचं कसं, हातात धरून सावकाश वाचता येतं. शिवाय माझं अक्षर अजून सुंदर आहे, ते कुणीतरी बघायला नको का? तेव्हा यापुढे पत्रच. तूही लिहायला लाग, आळशी माणसा.

माझ्या कामाचे दिवस सुरू झाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी वर्षभर याच दिवसांची वाट बघते. रोज नव्या शाळेत जायचं आणि दुसरीतल्या मुलांची वाचनाची प्रगती चाचणी घ्यायची. सगळीकडे उतारा तोच, वेळ तेवढीच, सूचना त्याच. म्हणजे कुठलंही मूल एकाच मापानं मोजलं जावं. आजच्या शाळेनं मला खेळाच्या सामानाची खोली दिली आहे. एका बाजूला चेंडूंची जाळी, दुसऱ्या बाजूला गुंडाळलेल्या चटया आणि मध्ये एवढंसं टेबल. खुर्ची सहा वर्षांच्या पोरासाठी केलेली, तिच्यात मी कशी मावते ते विचारू नकोस. एकेक मूल येऊन समोर बसतं, मी घड्याळ लावते, ते मिनिटभर वाचतं. जो शब्द चुकला त्यावर मी माझ्या कागदावर रेघ मारते.

आणि बोलायचं फक्त छापलेलं. ‘तयार आहेस? सुरू कर.’ झालं की, ‘धन्यवाद, आता वर्गात जा.’ शाब्बास म्हणायचं नाही. हसायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही. ‘परत म्हण’ तर अजिबात म्हणायचं नाही, कारण मग त्या मुलाला दुसरी संधी मिळाली आणि बाकीच्यांवर अन्याय झाला. माझ्यासारख्या बडबड्या बाईला हे किती अवघड जात असेल, विचार कर. उतारा एका बदकाचा आहे. त्याला पाण्याची भीती वाटते. दिवसभर तेच ऐकून घरी आल्यावर भाजी चिरतानाही माझ्या तोंडी बदकच असतं.

पण यंदा मी एक शोध लावलाय हं. पूर्वी उताऱ्याचं पान टेबलावर चिकटवलेलं असे आणि मूल पुढं वाकून वाचे. यंदा जाड, गुळगुळीत कार्डं आली आहेत, मुलाच्या हातात द्यायची. त्यात मला दोन जाती दिसल्या. जी मुलं कार्ड टेबलावर ठेवतात, ती कशी खणखणीत वाचतात. आणि जी कार्ड तोंडासमोर उभं धरतात, त्यांचं सगळं भुईसपाट. कार्ड तोंडावर गेलं की समजायचं, पोराला वाचता येत नाही आणि ते लपतंय. मूल कार्ड उचलतं तेव्हाच मला निकाल कळतो! समन्वयक बाईंना, म्हणजे आम्हा चाचणी घेणाऱ्यांवर ज्या देखरेख करतात त्यांना, मी हे चटयांची घडी घालताना सांगितलं. त्या पाठमोऱ्याच काहीतरी म्हणाल्या. कौतुकच असणार. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

बाकी मी मजेत. हल्ली सगळं जगच पुटपुटायला लागलंय, बातम्या देणारी बाईसुद्धा. कुणी स्पष्ट बोलायला तयार नाही. चालायचंच.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण त्या वाचून मला बसवेना झालं. त्याचं उत्तर देणार आहे, टाळत नाही. आधी मला शाळेतली एक गोष्ट सांगू दे. उत्तर तिच्या पोटातच आहे.

मागच्या पत्रातल्या त्याच शाळेतून निरोप आला, पुन्हा या. गेले. तिथली वर्गशिक्षिका आपल्या भाचीच्या वयाची पोरगी आहे. ती सामानाच्या खोलीत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या चाचणीनं तिचा अर्धा वर्ग शेवटच्या गटात गेला होता. त्या गटाचा खेळाचा तास बंद होऊन त्यांना वाचनाची जादा शिकवणी लागते.

“बाई, माफ करा,” ती म्हणाली, “पण यातली एक मुलगी वर्गात गोष्ट वाचते ना, तेव्हा मागच्या बाकावरची वांड पोरंसुद्धा गप्प बसतात. ती शेवटच्या गटात कशी गेली?”

मला राग आला. मी म्हणाले, “चाचणी लाडकं-दोडकं बघत नाही.”

“ती आता वाचतच नाही. घरी धाकट्या भावाला वाचून दाखवायची, तेही सोडलंय. आईला म्हणाली, मला वाचता येत नाही असं कळलं.”

गुण आम्ही मुलांना कधी सांगत नाही, बारक्या. पण बाकीचे मैदानावर पळतात आणि आपण वर्गात बसतो, यातून काय कळायचं ते सातव्या वर्षी कळतंच. तरीही मी ताठच. म्हटलं, घ्या की परत, मला कसली भीती?

अशा वेळी एकाच मुलाचं वाचन दोघींनी तपासायचं असतं. समन्वयक बाईंनी एका तरुण सहकारी मुलीला माझ्याशेजारी बसवलं आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. ती छोटी आली. दोन वेण्या, एका बुटाची नाडी सुटलेली. माझ्याकडे न बघता बसली. मी म्हणाले, तयार आहेस, सुरू कर. तिनं कार्ड उचलून तोंडासमोर धरलं.

आणि शब्द गेले. आवाज होता, वरखाली होत होता, पण त्यात शब्द म्हणून एक नव्हता. मी रेघा मारत सुटले. मग सहज शेजारी नजर गेली. त्या मुलीची पेन्सिल नुसती ओळीखालून पुढे सरकत होती. तिच्या कागदावर एक रेघ नव्हती.

मी काय केलं सांगू? बोट पुढं करून ते कार्ड खाली दाबलं. असं करायला सक्त मनाई आहे. कार्डामागून तिचे ओठ वर आले आणि त्यांच्याबरोबर बदक आलं, काठावर उभं राहून पाण्याकडे बघणारं, स्पष्ट, एकेक शब्द. बोट सोडलं. कार्ड वर गेलं आणि बदक गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. पोरीला वाटलं मी खेळतेय, ती वाचता वाचता हसायला लागली. मग मी बोट काढलंच नाही. घड्याळ वाजलं तरी तसंच धरून बसले होते.

कितीतरी दिवस मी कानांनी ऐकतच नव्हते रे. ओठ बघून ऐकत होते, आणि मला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. मोठा शोध लावला होता मी! लपत होते ते मी.

मुलगी वर्गात गेली. समन्वयक बाई मनानं फार चांगल्या. माझ्यासमोर बसून, अगदी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, “बाई, या कार्डांनी आवाज अडतो असं आपण लिहू. एवढ्या वर्गाची चाचणी परत घेऊ. तुमचं काम चालू राहील, पुढच्या वर्षी कार्डं बदलतील.”

खोटं बोलणार नाही, क्षणभर मला ते फार गोड वाटलं. हे काम गेलं तर मला सकाळी उठून साडी नेसायला कारण उरत नाही. पण यंदा मी या एकाच शाळेत गेले नव्हते. आधीच्या शाळांतही कार्ड तोंडासमोर धरणारी मुलं होती, आणि त्यांच्यासाठी भांडायला अशी एखादी वर्गशिक्षिका असेल याचा काय भरवसा? मी म्हणाले, “कार्डं सगळ्यांकडे तीच आहेत. बाकीच्यांना ऐकू येतं, मला येत नाही. मी घेतलेल्या सगळ्या शाळा परत घ्या.” ती सहकारी मुलगी माझी पाठ थोपटायला लागली आणि मग मात्र मला रडू आवरेना. चेंडूंच्या जाळीला धरून रडले.

आता तुझ्या चार ओळी. तू लिहितोस, ‘ताई, हिच्या ऑपरेशनची तारीख ठरली असं मी फोनवर सांगितलं तर तू वा छान, मजा करा म्हणालीस आणि फोन ठेवलास. आमच्यावर कशाचा राग काढते आहेस?’

राग नाही रे राजा. त्या दिवशी तू काय सांगितलंस ते मला ऐकूच आलं नव्हतं. हल्ली माझी एक युक्ती होती. तुझा आवाज थांबला की वा छान म्हणायचं, आणि सगळं उरकल्यासारखं वाटलं की मजा करा. बहुतेक वेळा खपून जायचं. फोनमध्ये ओठ दिसत नाहीत ना. पुढे युक्तीचीही भीती वाटायला लागली आणि मी फोन उचलणंच सोडलं. काय म्हणालास असं तुला विचारलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी दारात हजर, चल ताई, एकटी राहू नकोस, सामान बांध. तुझ्या या प्रेमाचीच मला धास्ती होती.

सरकारला मजा करा म्हणाले मी! ती रडली असेल. हे पत्र तिला वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. मला ऐकू येत नाही. घे, लिहिलं एकदाचं.

तुझी,
बहिरी ताई


१४ मार्च

प्रिय बारक्या आणि माझ्या लाडक्या सरकार,

ऑपरेशन नीट पार पडलं, टाके निघाले, हे वाचून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज केवढा होतो रे! कानात यंत्र बसलंय. सध्या माझं घर म्हणजे बाजार आहे. खुर्ची करकरते, नळ टपटपतो, माझ्या चपलाही बोलतात. बातम्या देणारी बाई पुटपुटत नाही, तिची क्षमा मागितली.

काम गेलं. म्हणजे चाचणी घेण्याचं गेलं. पण समन्वयक बाईंनी फेरचाचणीसाठी मला वेगळंच काम दिलं, मुलांना वर्गातून खोलीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. पहिल्या दिवशी अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी वाटलं, हे आधी का नाही मिळालं? इथं हसायला बंदी नाही.

काल त्या दोन वेण्यांची पाळी होती. व्हरांड्यात तिचा हात माझ्या हातात आणि चाल गोगलगायीची.

“आज पण तुम्हीच ऐकणार?” तिनं विचारलं.

“नाही गं. मला नीट ऐकू येत नव्हतं. तू तेव्हा सगळं बरोबर वाचलं होतंस. चूक माझ्या कानांची होती.”

ती थांबली. माझ्या कानातलं यंत्र तिनं वाकून वाकून बघितलं. मग म्हणाली, “ऐकू नाही आलं तर तुम्ही ‘परत म्हण’ का नाही म्हणालात?”

मी म्हणाले, “तसा नियम आहे. म्हणायचं नसतं.”

“आमच्या बाई म्हणतात, नाही कळलं तर लगेच विचारायचं. त्यात लाजायचं नाही.”

एवढं बोलून ती खोलीत गेली. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. दार लोटलेलं होतं, ओठ दिसायचा प्रश्नच नव्हता, आणि तरी बदक आलं, आतून, बंद दारातून. काठावर उभं राहिलं, एक पाय पाण्यात घातला, काढला, परत घातला. घड्याळ वाजलं तरी तिनं वाचणं थांबवलं नाही, शेवटच्या वाक्यापर्यंत गेली. बाहेर येऊन मला म्हणाली, “ते पोहायला लागतं, माहितीये?” मी म्हणाले, नव्हतं माहीत. खरंच नव्हतं. एवढी मुलं झाली, मिनिटभरात तिथवर कुणी पोचलंच नव्हतं, म्हणून माझ्या कागदावर मीही तिथवर कधी गेले नव्हते.

वर्गात परतताना भिंतीवरच्या सगळ्या पाट्या तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवल्या. पळू नका, नळ बंद करा, भिंतीला पाय लावू नका. मी एकही ऐकायची सोडली नाही.

तर रविवारी फोन कर. मी उचलीन. यंत्र लावून फोन धरला की कधी कधी शिट्टी वाजते, घाबरू नकोस. आधी फोन सरकारकडे दे. तिनं ऑपरेशनचं सगळं मला पहिल्यापासून सांगायचं, जणू त्या रविवारी सांगितलंच नव्हतं. मला काही कळलं नाही तर मी विचारीन, पुन्हा नाही कळलं तर पुन्हा विचारीन. तुम्ही वैतागलात तरी चालेल. आपल्या घरात तसा काही नियम नाही.

तुमची, न लाजता ‘परत सांग’ म्हणणारी,
ताई