दिव्यांच्या लाइनवरचा पॉइंट

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तुझ्यावर ओरडलो ते मनावर घेऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण नको, थोडं मनावर घेच. घरातलं कमरेएवढं पाणी आदल्या दिवशी ओसरलेलं, भिंती अजून पाझरताहेत, आणि जावईबापू केस वाळवायचं यंत्र घेऊन प्लगच्या भोकांत गरम हवा मारत बसलेत! तेही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरून लांब वायर ओढून, ओल्या फरशीवर उकिडवे बसून. माझं डोकंच फिरलं. माणूस हौशी आहे, वाईट नाही. सासऱ्यानं हात जोडलेत म्हणून सांग त्यांना. आणि मग तू अगदी सहज म्हणालीस की सगळं नको, फक्त वरच्या खोल्यांतल्या दिव्यांपुरती लाइन सुरू करतो. वायरिंग तुमच्याच हातचं आहे, कुठला ब्रेकर वर करायचा तेवढं सांगा. तिथे मी ओरडलो. तीन दिवस कशाला हात लावणार नाही असा शब्द तू दिलास आणि लेकीला घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेलीस, म्हणून आज हे सावकाश लिहू शकतोय. उद्या सकाळी तुझा मावसभाऊ तिकडे यायला निघतोय, त्याच्याच हाती देतो.

आधी कामाचं लिहितो, म्हणजे पुढचं वाचवलं नाही तरी एवढं पदरात पडेल. वीज कंपनीचा माणूस बोलावून लाइन बाहेरून, खांबावरूनच तोडून घ्या. आतला मेन खाली पाडलाय म्हणून निर्धास्त राहू नका, तो डबासुद्धा पाण्यात होता. इन्व्हर्टरला कोणी हात लावायचा नाही. बाहेरची वीज तोडली तरी तो बापडा आपलं काम करतच राहतो, तेव्हा तो जाणकार माणसाकडूनच सोडवून घ्या. बुडालेले प्लग, बटणं, ब्रेकर हे वाळवायचे नसतात गं, टाकून द्यायचे असतात. वरून कोरडेठाक दिसतात, पण आत गाळ बसतो, पत्र्याला गंज चढतो, आणि ज्या क्षणी ब्रेकर पडायला हवा त्या क्षणी तो पडत नाही. भिंतीतल्या पाइपात पाणी आठवडे न् आठवडे राहतं. फ्रिज आणि धुण्याचं मशिन बाहेरून पुसून चकचकीत केलं तरी मोटर कोणी बघितलीय? वायरमन आला की तो वायरीतली गळती मोजायचं यंत्र लावतो का ते बघ, अर्थिंग तपासतो का ते बघ. नुसता टेस्टर टेकवून चालतंय म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव.

आपल्या जुन्या घरात पाणी शिरलं तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. तुला मावशीकडे ठेवून आम्ही दोघं गाळ काढायला परत आलो होतो. तुझ्या आईनं साडी खोचली, हातात खराटा घेतला आणि मला म्हणाली की तुम्ही आधी गल्लीतल्या लोकांचं बघा, इथलं मी बघते. मी ते गळती मोजायचं यंत्र खांद्याला लावून घरोघर फिरलो. प्रत्येक घराचा मेन बंद करायचा, त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवायची, मी सांगेपर्यंत हात लावू नये असं लिहून खाली सही ठोकायची. लोक वैतागले, मागून नावं ठेवली, पण माझ्या सहीपुढे जायची कोणाची छाती झाली नाही. आठ दिवस अख्खी गल्ली अंधारात राहिली आणि एकाही घरात कोणाला साधा झटका बसला नाही. ती गोष्ट तू अजून लोकांना सांगतेस. परवाच्या फोनवरही जावईबापूंना ऐकवत होतीस, माझे बाबा असे आणि तसे. तू ते सांगतेस तेव्हा मी विषय का बदलतो, हे तुला कधी कळलं नाही.

आपल्या घराच्या मेनवर मी चिठ्ठी लावली नव्हती. स्वतःच्या घरात स्वतःला कसली चिठ्ठी लिहायची? लोकांच्या बोर्डावर मी प्रत्येक फ्यूजखाली नाव लिहायचो, आपल्या बोर्डावर एक अक्षर नव्हतं. सगळं पाठ होतं ना मला. पाचव्या दिवशी आईला थोडा खोकला झाला होता, घर कोंदट, खिडक्या लहान, भरदुपारीही आत नीट दिसायचं नाही. तिनं मागितलं काहीच नाही. मलाच वाईट वाटलं. विचार केला, खालच्या प्लगांची लाइन तोडलेलीच आहे, दिव्यांची लाइन छतातून जाते, तिला पाणी लागलेलंच नाही, तेवढी देऊ. यंत्र शेजारच्या गल्लीत कोणाकडे तरी ठेवलेलं होतं. ते आणायचा मला कंटाळा आला. कंटाळाच, दुसरा शब्द नाही त्याला. तिनं एकदा विचारलं की सगळं बघून झालंय ना, आणि मी म्हणालो, झालंय, खालचं सगळं मेलेलं आहे, तू बिनधास्त पूस.

त्याच्या तीन वर्षं आधी तिला स्वयंपाकघरात ओट्याच्या शेजारी एक जादा पॉइंट हवा होता, मिक्सरसाठी. प्लगांची लाइन तिथून लांब होती, फरशी फोडावी लागली असती. मी अर्ध्या तासात वरच्या दिव्याच्या लाइनवरून वायर खाली उतरवली आणि म्हटलं, सुट्टीच्या दिवशी नीट करून देतो. तशा सुट्ट्या किती आल्या आणि किती गेल्या. पुढे मिक्सर हलला आणि तिथे फ्रिज आला. गिऱ्हाइकाच्या घरात असा जोड दिसला असता तर मी त्या वायरमनचा उद्धार केला असता. आपल्या घरात मी तो रोज बघत होतो आणि म्हणूनच मला तो दिसत नव्हता. भिंगरी, मी दिव्यांची लाइन चालू करून दिवा लावला तेव्हा त्याच लाइनवरच्या फ्रिजचा प्लग भिंतीतच होता. आई ओलं फडकं घेऊन त्याचं दार पुसत होती. मी बाहेरच्या खोलीत होतो, दिवा लागला म्हणून खूश होऊन तिला हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. ते खोटं नव्हतं. दगदग, खोकला, पाच दिवसांची झोपमोड, लोकांनी आपापल्या मनानं कारणं जोडली आणि मी मान हलवत राहिलो. तुझी मावशी तुला घेऊन पोचण्याआधी मी शिडी लावून तो जोड कापला, भोक बुजवलं, उरलेली वायर गाळाच्या ढिगात टाकली. हे सगळं मी केलं आणि मग तुला मांडीवर घेऊन बसलो. तू मला विचारलंस की आईला खूप दुखलं का, आणि मी नाही म्हणालो, तेही मला ठाऊक नसताना. पंचवीस वर्षं तू बापाला देवमाणूस समजत आलीस आणि मी ते मुकाट्यानं घेत राहिलो. सांगायचं ठरवलं नाही असं नाही; तुझ्या लग्नाआधी एकदा, पहिल्या बाळंतपणाच्या वेळी एकदा. तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं की दुसरंच काहीतरी बोलायचो. मी भित्रा आहे गं, बाकी काही नाही.

हेही मी आणखी काही वर्षं रेटून नेलं असतं आणि बरोबर घेऊन गेलो असतो. पण परवा तू विचारलंस की वरच्या दिव्यांचा ब्रेकर कुठला, आणि मला तुझं घर डोळ्यांसमोर आलं. बाळ झालं तेव्हा खालच्या खोलीत पाळण्याजवळ तुला एक पॉइंट हवा होता. मी आलो, दुपारच्या जेवणाआधी करूनही दिला, तू कौतुक केलंस. दोन दिवस मी आठवतोय की ती वायर मी कुठल्या लाइनवरून घेतली. खालच्या लाइनवरून की वरच्या. कागद काढून चित्रं काढली, डोळे मिटून बसलो, नाही आठवत. त्या पॉइंटच्या खाली आता तुझी लेक रांगोळीसारखा गाळ पसरून खेळेल, आणि वर दिवा लावताना तुम्ही म्हणाल की बाबांचंच वायरिंग आहे. म्हणून हे लिहिलं. माझ्या आठवणीवर, माझ्या हातावर, माझ्या नावावर विश्वास ठेवू नकोस. अनोळखी माणूस आण, माझं एकूण एक वायरिंग उघडायला लाव, तो मला शिव्या देईल त्या देऊ दे. वाचून झाल्यावर मला फोन केला नाहीस तरी चालेल, पुन्हा कधीच केला नाहीस तरी मी समजून घेईन, पण तो मेन वर करू नकोस.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा